टॅमसिनचा लाल दाणा

मत कसं द्यायचं, हे सतराव्या शतकातल्या मॅसॅच्युसेट्सच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हो म्हणायचं तर टोपीत मक्याचा दाणा टाकायचा, नाही म्हणायचं तर घेवड्याचा. गेली नऊ वर्षं हे दाणे विधवा टॅमसिन पेल आणायची. सभाघर झाडायचं, दाणे ठेवायचे आणि बाहेर जाऊन थांबायचं. बायकांच्या वाट्याचा राज्यकारभार एवढाच.

त्या मार्चमध्ये मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता. थोरली बहीण युनिस रोड आयलंडहून खोकत खोकत तिच्या दारी आली होती. परक्या माणसाला ठेवून घ्यायचं तर गावाची मंजुरी हवी, आणि युनिस पडली तिथल्या ‘पाखंड्यां’त, म्हणजे गावचं चर्च न मानणाऱ्यांत, राहून आलेली.

मत चर्चच्या सभासद पुरुषांनाच. टॅमसिनचा मुलगा जेरेड नुकताच, भर सभेत उभं राहून पापं कबूल करून, सभासद झाला होता. तेही आईनं वर्षभर टुमणं लावलं म्हणून. त्या सकाळी तिनं लाल कणसातला एक दाणा त्याच्या हातावर ठेवला.

"हाच टाक. दुसऱ्याला हात लावू नकोस."

"आई, मत माझं की तुझं?"

"मावशी तुझीच ना? चल, नीघ."

दोन तास ती थंडीत उभी. मग चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकननं दारात येऊन सांगितलं, "मका अकरा, घेवडा बारा. युनिसबाईंनी आठ दिवसांत गाव सोडावं."

सगळे पांगल्यावर टॅमसिननं टोपी बाकावर उलटी केली. अकराही दाणे पिवळे. घेवडाही चिवडून पाहिला. लाल दाणा कुठेच नव्हता.

जेरेड दारातच होता. त्यानं तो खिशातून काढून तिच्यापुढे ठेवला.

"सभासद होताना शपथ घेतलीय मी. मनाला पटेल तेच मत. मावशी आपल्या प्रार्थनेला यायला तयार नाही, आई."

"आणि शपथ घ्यायला तुला कोणी ढकललं रे?"

उत्तर तिचं तिलाच ठाऊक होतं.

मतांचा घेवडा रीतीप्रमाणे झाडणारीचा. टोपीतला आणि वाडग्यात उरलेला, सगळा टॅमसिननं युनिसच्या शिदोरीसाठी खारवलेल्या डुकराच्या मांसाबरोबर चुलीवर चढवला.

"मऊ शिजव गं," युनिस अंथरुणातून म्हणाली. "तुमच्या गावचा घेवडा भारी टणक, आणि मला दात कुठेत!"

युनिस वाटेतच गेली. पुढच्या मार्चला टॅमसिननं सभाघर झाडलं, दाणे ठेवले, आणि बाहेर येऊन उभी राहिली.