सोवनी साहेबांची करडई आणि माझी घागर

सोवनी साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते धायरीला, आमच्या बांधावर. एका हाताने सायकल धरून उभे होते आणि माझ्या सासऱ्यांना म्हणत होते, "मामा, मला तुमच्या रानातला सगळ्यांत वाईट तुकडा हवा आहे."

सासरे माझ्याकडे वळले. "सूनबाई, पाणी आण. पाव्हण्याला ऊन लागलंय."

डॉ. दिनकर सोवनी यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे. यात मोठमोठे शास्त्रज्ञ लिहिणार. मला अक्षर येत नाही. मी सांगते आणि माझी नात मधुरा लिहून घेते. मधेच ती "आजी, हे नको" म्हणते. तेवढं मी हटकून लिहायला लावते.

साहेब करडईचे नवे वाण तयार करत. कसबा पेठेतल्या घरातून निघायचे आणि सायकलवर धायरी गाठायचे. आमचा टेकडीकडचा मुरमाड तुकडा त्यांनी घेतला. तेच बियाणं आणखी चार गावांत, कुठे काळ्या जमिनीत, कुठे विहिरीच्या पाण्यावर, पेरलेलं असे. मला ते पुढे समजलं ते असं, की एकाच मुलीला पाच घरी नांदवून बघायचं. सगळीकडे निभावते का, की एकाच घरी रमते, आणि ते घर कोणतं. सासरच्या माणसांना एवढी अक्कल असती तर किती बरं झालं असतं! (हे मधुरा नको म्हणत होती.)

आमच्या तुकड्यात प्रत्येक वाण तीन-तीन जागी, मुद्दाम उलटसुलट पेरलेला. पाटीवर नाव नाही, नुसता आकडा. त्यात एक वाण साहेबांचा स्वतःचा होता, कित्येक वर्षांच्या कष्टाचा. त्या हंगामात ते एकदा चेहरा पाडून आले. चारही गावांत त्यांची करडई वाढीत मागे होती. "इथेही मागे पडली, तर ही कधीच शेतकऱ्याच्या हातात जायची नाही, वहिनी," एवढंच म्हणाले आणि दिलेला चहा तसाच ठेवून गेले.

करडई तेव्हा कळी धरत होती आणि उन्हाने सगळ्याच ओळी माना टाकत होत्या. माझ्याच्याने बघवेना. दुपारी बायका भाकरीला बसल्या की मी घागर घेऊन विहिरीवर जायची आणि साहेबांच्या ओळींना पाणी घालायची. फक्त त्यांच्या. वाटलं, एवढ्या भल्या माणसाचं काम, होऊ दे.

झोडणी झाली, वजनं झाली. साहेबांची करडई पहिली आली, तीही बरंच अंतर ठेवून. कुणीतरी पेढे आणायला पळालं. साहेब मात्र वजनांची वही पुन्हा-पुन्हा चाळत राहिले. मग माझ्याजवळ आले.

"वहिनी, चार गावांत मागे आणि या मुरमात एवढी पुढे? मला पटत नाही."

"देवाची कृपा, साहेब."

"देव एकट्या सोवनींच्या ओळींना कसा पावला? बाकीच्या ओळी काय नास्तिक आहेत?"

आता काय लपवणार? सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "पण पाटीवर नुसते आकडे होते. तिन्ही जागी माझीच करडई, हे तुम्ही ओळखलंत कसं?"

"तुम्ही येता तेव्हा तिच्यापाशीच रेंगाळता, आणि तिच्या पानाची कड आत वळते की. आकड्यांचं मला काय विचारता?"

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि वहीतल्या धायरीच्या पानावर उभी काट मारली. मी म्हटलं, "साहेब, कोणाला कळणार आहे?"

"ज्याच्या रानात तुमची घागर नसेल, त्या शेतकऱ्याला कळेल," ते म्हणाले.

तेवढ्यात पेढे आले. मला वाटलं, आता हे परत पाठवणार. त्यांनी सगळ्यांना वाटले. कशाचे, असं कुणी विचारलं तर म्हणाले, "वहिनी खरं बोलल्या त्याचे." पुढे साहेब लोकांच्या बैठकीत या प्रकाराची विचारणा झाली, तेव्हा माझं नावही त्यांनी घेतलं नाही. "काय करायचं ते मी सांगितलं होतं, का करायचं ते सांगितलं नव्हतं. चूक माझी," असं म्हणाले म्हणे. तेव्हापासून दर पेरणीआधी ते आम्हा बायकांना बांधावर बसवून सगळं 'का' सांगत. आणि मला त्यांनी नवं काम दिलं: ओळींत घुसलेली परकी झाडं ओळखून उपटायची. त्यांचे शिकाऊ विद्यार्थी माझ्या मागे-मागे वही घेऊन फिरत.

पुढच्या वर्षी तोच वाण पुन्हा त्याच मुरमात पेरला. या वेळी घागर घरात, पालथी. आणि करडई पहिली आली! त्याच्या पुढच्या वर्षीही आली. चांगली जमीन, भरपूर पाणी तिला मानवतच नव्हतं; हलकी जमीन हेच तिचं घर होतं. म्हणजे माझ्या पाण्याची तिला गरजच नव्हती, आणि माझ्या मायेपायी साहेबांचं एक अख्खं वर्ष वाया गेलं. त्याबद्दल त्यांनी मला आजवर एकदाही बोल लावलेला नाही. सगळीकडे चालते असं सांगा, असा सल्ला त्यांना पुष्कळांनी दिला. साहेबांनी हलक्या, कोरडवाहू जमिनीपुरतीच तिची शिफारस केली.

आता त्या तुकड्यावर आठ मजली इमारत आहे आणि तिच्यात चौथ्या मजल्यावर मी. साहेब दरवर्षी मूठभर बी धाडतात. कुंडीत लावते, कोवळ्या पाल्याची भाजी करते आणि डबा कसब्यात पोहोचता करते. लगेच फोन येतो. "वहिनी, भाजी उत्तम. पाणी किती घातलंत?"

साहेब, शंभर वर्षं जगा असं म्हणणार होते. पण तुम्ही विचाराल, कोणत्या जमिनीत, किती पाण्यावर? तर ऐका. कसब्यातल्या तुमच्या बोळात, धायरीत, जिथे जाल तिथे तुमची तब्येत ठणठणीत राहो. यासाठी देवापुढे रोज मी तुमच्या एकट्याच्या नावाने जास्तीचं पाणी घालते आहे. हे मी आधीच कबूल केलं आहे. आता या पानावर काट मारायची नाही.