अडचणीची चिठ्ठी

शुद्धलेखनाच्या चुका असतील, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली आणि हातात पेन्सिलीऐवजी फडकं आलं. ही वही कोणाला दाखवायची नाही, तरी आधी माफी मागून ठेवते. मला तशी सवयच आहे.

गंगापूर रोडला एका मॅडमकडे मी कामाला जाते. दर शनिवारी त्यांच्या हॉलमध्ये मुलांचा लेखनाचा वर्ग भरतो. पाचवी-सहावीची पंधरा मुलं. गेल्या वर्षी मला मॅडमकडून चार हजार रुपये हवे होते. पण तोंडाने मागणं मला जमत नाही. दोनदा मागायला गेले आणि दोन्ही वेळा "फिनेल संपलंय" म्हणून परत आले. शेवटी एका शनिवारी सकाळी चिठ्ठी लिहून त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवली. ‘मॅडम, अडचण आहे. चार हजार मिळाले तर उपकार होतील.’

त्या स्वयंपाकघरात आल्या. "मुलं महिनाभर खोटे अर्ज लिहितायत हो. महोदय, सविनय, नम्र विनंती! ही चिठ्ठी वर्गात वाचू? तुमचं नाव नाही घेणार."

नाही म्हणता येत नाही, म्हणून मी मान डोलावली.

मॅडमनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, "पैसे देणारे खिडकीकडे जा, न देणारे दाराकडे."

दारात मी पोछा धरून उभी होते. चौदा मुलं माझ्याभोवती येऊन थांबली. खिडकीपाशी एकच मुलगी उरली. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

"का नाही देणार?" मॅडमनी विचारलं.

"अडचण कसली ते लिहिलंच नाही."

"आमच्या शेजारचे काका पण अडचण म्हणतात आणि नवीन मोबाईल घेतात!"

"परत कधी करणार? का करणारच नाही?"

सगळे हसले. खिडकीतली मुलगी चिडली. "उपकार म्हटलंय ना! मग?"

"तू दे तुझ्या गल्ल्यातले," एक मुलगा म्हणाला.

मॅडम म्हणाल्या, "अडचण हा शब्द खोडा आणि अडचण लिहा. काय लिहिलं असतं तर तुम्ही खिडकीकडे गेला असता?" मुलं सांगू लागली. मी स्वयंपाकघरात गेले, किराणा लिहायच्या पेनने तिथल्याच कागदावर लिहिलं. आईच्या दातांचं लिहायची मला लाज वाटली होती, म्हणून तर नुसतं अडचण लिहिलं होतं. कागद मॅडमच्या हातात दिला आणि परत दारात आले.

त्यांनी तो मुलांना वाचून दाखवला. ‘आईला कवळी बसवायची आहे. सहा महिने तिने भाकरी चावली नाही. दुधात कुस्करून गिळते आणि पोट भरलं म्हणते. दर महिन्याला पगारातून पाचशे कापा. आठ महिन्यांत फिटतील.’

गल्ल्याचं बोललेला तो मुलगा म्हणाला, "भाकरीचं आधी नाही का लिहायचं!" आणि तोच पहिला निघाला. एकेक करत माझ्याभोवतीची मुलं खिडकीकडे गेली. फरशी अजून ओली होती, तिच्यावर सगळ्यांच्या पावलांचे ठसे उमटले. एरवी मी ओरडले असते.

वर्ग सुटल्यावर मॅडमनी पाकीट दिलं. म्हणाल्या, "पैसे मी सकाळीच काढून ठेवले होते."

"मग वाचली कशाला?" मी विचारलं. त्यांना मी विचारलेला तो पहिला प्रश्न.

"तुम्ही इतकं चांगलं लिहाल हे मला तरी कुठे माहीत होतं?"

कवळी बसली. आई भाकरीचा कडक पापुद्रा आधी खाते आणि मला आवाज ऐकवते. मधल्या दिवाळीत मॅडम म्हणाल्या, या महिन्याचे राहू द्या. मी बोलले नाही, चिठ्ठी ठेवली. ‘आठ महिने लिहिलं आहे. मुलांसमोर वाचलं आहे.’ त्यांनी पाचशे कापले.

आज आठवा पगार झाला. त्यातून शेवटचे पाचशे कापून घेतले. चार हजार पूर्ण फिटले.