डोंगरावरच्या पिंपातलं जहर

ती घटना आठवली की आजही मी कपाळाला हात लावतो. ही हकीकत सांगायची खरी हौस माझ्या पत्नीची. पाहुण्यांच्या ताटात लोणचं वाढताना ती हटकून म्हणायची, "आधी अमीनसाहेबांना विचारा, यात जहर तर नाही ना!" आता ती नाही. म्हणून मीच सावकाश लिहून ठेवतो आहे.

मुलूख तेव्हा निजामाचा होता आणि मी भोकरदन ठाण्याचा अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. ठाण्याच्या हद्दीत उत्तरेला डोंगर लागतो. त्याच्या माथ्यावर एका जागीरदारांनी काळ्या द्राक्षांचे मांडव घातले होते. वर हवा थंड, रात्री गारठा. द्राक्ष उशिरा पिके पण गोड होई. वाइन करायला त्यांनी मुंबईकडून कारागीर आणला आणि वाड्याच्या धान्याच्या तळघरात लाकडी पिंपं मांडली. अंमलदार, वकील, त्यांचे मेहुणे असे सगळे मोटारीने घाट चढून येत. मांडवाखालून एक चक्कर मारत, गच्चीवर बसून पेले रिकामे करत आणि द्राक्षांवर व्याख्यान देऊन उतरत.

एका दुपारी हैदराबादेहून एक बडे हाकीम, म्हणजे वरिष्ठ सरकारी अधिकारी, आले. मानाचा पहिला पेला त्यांचा. तो त्यांनी ऐटीत एका दमात रिकामा केला आणि तिथेच गालिच्यावर ओकले. घशात आग, तोंड कडू जहर. बाकी कोणी पेल्याला ओठ लावले नाहीत.

मी पोचलो तोवर कारभाऱ्याने ते पिंप मागच्या अंगणात ओतून टाकलं होतं.

"हे कशाला केलंत?" मी विचारलं.

"अजून कोणी मरू नये म्हणून, साहेब."

"अजून म्हणजे? आधी कोण मेलं?"

 पुरावा वाहून गेला होता. नशिबाने त्याच पिंपातल्या दोन बाटल्या भरून ठेवलेल्या सापडल्या. पंचनामा केला, लाखेची मोहर केली. एक बाटली रासायनिक तपासणीला हैदराबादेस पाठवली, एक मुद्देमाल म्हणून ठाण्यात ठेवली. हैदराबादेहून उत्तर यायला महिने लागत. हाकिमांना मात्र रोज उत्तर हवं होतं. त्यांच्या तारा जिल्ह्याचे पोलीसप्रमुख असलेल्या मोहतमीमसाहेबांकडे जात आणि मोहतमीमसाहेबांच्या माझ्याकडे येत.

खबर कारभाऱ्यानेच आणली. पेला वाढणारा खानसामा जागीरदारांवर चिडून होता. सालन करपलं म्हणून त्याला चारचौघांत बोलणी बसली होती. 'एक दिन देख लूंगा' असं तो म्हणाल्याचं दोघांनी ऐकलं होतं. त्याला हवालातीत घेतलं. उतारवयाचा, बारीक अंगाचा माणूस. त्याचं बयान घेताना माझी कलम सारखी थांबत होती.

"देख लूंगा म्हणालास?"

"बोला, साब. गुस्सा आया तो बोला. पन मारने का होता तो सालन में नइं डालता? शराब को तो मैं हात बी नइं लगाता. कपडा डालके पकडता सुराही."

"तळघराची चावी?"

"कारभारी के पास. मेरे पास चूल्हा है, बस."

विष घालायचं तर स्वयंपाकी स्वतःचं भांडं सोडून दुसऱ्याच्या पिंपात का घालेल, हे मला पटत होतं. मोहतमीमसाहेबांना पटत नव्हतं. हाकिमावर विषप्रयोग म्हणजे त्या माणसाचं उरलेलं आयुष्य तुरुंगात जाणार होतं. वाड्यावर मी पुन्हा पुन्हा विचारलं, चावी एकच का? जागीरदार म्हणत, एकच. आतल्या बाजूला चौकशी करायची म्हटलं की म्हणत, बायकामाणसांना यात ओढू नका.

स्थळपाहणीला पुन्हा वर गेलो तेव्हा माझे जमादार अंगणात थबकले. "साहेब, त्यो बैल बघा. मघापासनं फरशी चाटून राह्यला."

जिथे पिंप ओतलं होतं तिथलीच ती फरशी. गडी म्हणाला, "रोजचंच हाय त्याचं. सोडला की पळत येतो न् चाटतो."

"आणि मरत नाही?"

"कशाला मरंल, साहेब? मिठाला जनावर हपापतंच की."

मीठ! ठाण्यात आल्यावर पंचांसमोर तिथल्या बाटलीची मोहर फोडली. आता कोणीतरी चाखायला हवं होतं. पहिले पंच माळकरी, त्यांनी गळ्यातली माळ पुढे केली. दुसऱ्यांनी कानाला हात लावून तौबा केली. जमादार एरवी सणासुदीला मागे नसत. त्यांना नेमका त्या दिवशी उपास निघाला. शेवटी मी उन्हात कौल ठेवून त्यावर पेलाभर वाइन ओतली. सुकल्यावर पांढरा थर राहिला आणि त्यात मोहरीची सालपटं, मेथीची भरड. बोट लावून मीच चाटलं. माझ्या घरच्या लोणच्याच्या बरणीची चव होती.

वाड्यावर जाऊन हे सांगताच जागीरदारांचा चेहरा उतरला. दुसरी चावी होती. ती त्यांच्या विधवा आत्याबाईंच्या कमरेला असे. घराची कोठी, लोणची, पापड सगळं त्यांच्या हाती. पिंपांत द्राक्षाचं औषध मुरत घातलंय, असं त्यांना सांगितलेलं होतं.

"अमीनसाहेब, प्रकरण थोडं थंड होऊ द्या," ते म्हणाले. "खानसाम्याच्या घरी धान्य पोचतं करतो. पण आत्याबाईंना काही कळायला नको. घरात दारू होते हे कळलं तर त्या अन्न सोडतील."

"तो माणूस हवालातीत आहे."

"त्यांनी मला वाढवलंय हो."

माझा संताप कसाबसा आवरला. पंचांना घेऊन मी माजघराच्या पडद्याशी गेलो आणि सरळ विचारलं, "आत्याबाई, पिंपात मीठ कोणी घातलं?"

आतून ठणठणीत आवाज आला, "म्या! फेस वर येऊन राह्यला व्हता. आंबून वाया गेलं असतं. मीठ, मोहरी, मेथी घातली, बराबर हलवलं. का? चांगलं मुरलं न्हाई?"

"त्यापायी तुमचा खानसामा कैदेत आहे."

"कैदेत? मला तर सांगितलं, गावी गेलाय!" पडदा बाजूला झाला. बाई भाच्याकडे बघत होत्या. "खोटं बोललास?"

जागीरदार खाली मान घालून पुटपुटले, "आत्याबाई, ते औषध नव्हतं. दारू होती."

"मला नाक न्हाई का रे? पहिल्या दिवशीच कळलं व्हतं. तुला वाटत व्हतं मला कळू नये, मंग म्या बी न कळल्यासारखं केलं."

"मग मीठ कशाला घातलंत?" मी विचारलं.

"दारू असो का आणखी काही, घरातली वस्तू सडू द्यायची?"

बयान झालं, अंगठा झाला. बाईंनी तेव्हाच गाडी जुंपायला लावली आणि माझ्या मागोमाग ठाण्यात आल्या. खानसामा बाहेर आला तशा म्हणाल्या, "चल घरी. माझ्यामुळं तुला लई तरास झाला."

सगळं ऐकून घेतल्यावर तो विचारात पडला. मग म्हणाला, "आत्याबाई, मेथी जरा ज्यादा हुई होगी."

हाकिमांनी लोणचं प्यायल्याचा अहवाल मी सरकारी भाषेत कसा लिहिला, ते मलाच ठाऊक.

पुढे नोकरीत मी चोर पुष्कळ पाहिले, पण त्यांच्यापेक्षा अब्रूदार घरांनी मला जास्त दमवलं. एकमेकांना दुखवू नये म्हणून माणसं गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्याची शिक्षा हवालातीतला तिसराच कोणी भोगतो. तपास अडला की मी नंतर हेच आधी शोधत असे: या घरात सगळ्यांना माहीत असलेलं, पण कोणीच न बोललेलं काय आहे?

ही सवय घरीही लागली. पत्नीच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते मी घरी येऊन तिला जसंच्या तसं सांगितलं. तिने पाठीमागची उशी सारखी करून घेतली. मग म्हणाली, "बरं केलंत. नाहीतर मला ठाऊक नसल्यासारखं करावं लागलं असतं, आणि ते मला जमलं नसतं."