सिराजुद्दीनने राखून ठेवलेला दुसरा भाग

लिहिण्याचा मला सराव नाही, त्यामुळे नीट जमेल असं वाटत नाही. पण सिराजुद्दीनबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि आमच्यातलं दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

सिराजुद्दीन मूळचा श्रीवर्धनचा. सौदीत जिझानला आमच्या कंपनीच्या कॅम्पात एसी दुरुस्त करतो. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की मेसमध्ये मासे-भात, आणि जेवणानंतर सिराजुद्दीनचा सिनेमा, असा आमचा रिवाज आहे. तो आठवड्यात मारधाडीचा एखादा सिनेमा बघून येतो आणि आम्हाला सांगतो. गाडी उलटली की हातातली ताटली उलटते, गोळी सुटली की टेबल वाजतं. शेवटी निकाल: "जाऊन बघा," नाहीतर, "खलास, त्यापेक्षा झोप काढा."

दुसऱ्या भागांच्या बाबतीत तो फार कडक.

"पहिल्या भागात लागलेली गोळी दुसऱ्यात दुखली पायजे," तो म्हणतो. "हिरो टुणटुणीत उठून नाचायला लागला, तर मी घाबरू कशाला? आणि मेलेल्याचा जुळा भाऊ आणला की मी उठून बाहेर येतो."

"पण गाड्या जास्त फोडतात की," आमचा कुक कादिर त्याला डिवचतो.

"गाड्या भंगारवालाही फोडतो, मेल्या. त्या माणसाची परत काळजी वाटते का, ते बघायचं."

लग्न झाल्यावर सिराजुद्दीन आणि मुन्नीभाभींनी महाडला एक सिनेमा पाहिला होता, एका म्हाताऱ्या होत चाललेल्या पोलिसाचा. इतक्या वर्षांनी त्याचा दुसरा भाग आला आणि इथे जिझानलाही लागला. सगळे सिराजुद्दीनकडे बघू लागले. पण तो गेला नाही. भाभींचा व्हिजिट व्हिसा होणार होता, आणि त्याने फोनवर कबूल केलं होतं की हा सिनेमा दोघं मिळूनच पाहू.

व्हिसा लांबत गेला. मेसमध्ये त्या सिनेमाचं नाव निघालं की सिराजुद्दीन ताट घेऊन बाहेर उन्हात जाऊन बसायचा. जिझानचं ऊन! कादिरने तो सिनेमा पाहिला होता.

"सिराज, कोण मरतो ते सांगू?"

"सांग. मग तुझ्या खोलीचा एसी कोण चालू करतो तेही बघू."

कादिर पातेलं उचलून आत गेला. पण थिएटरात खेळ कमी होत चालले. सिराजुद्दीन काम करता करता फोनमध्ये वेळा बघायचा. मला म्हणाला, "गुणाजीभाऊ, ती येईस्तोवर उतरला तर?" मी नुसता चहा पुढे केला.

शेवटी दिवसाचा एकच खेळ उरला, तोही शुक्रवारपर्यंत. आणि गुरुवारी भाभी आल्या. गावात घेतलेल्या भाड्याच्या खोलीत सामान टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोघांना गाडीतून थिएटरात नेलं. कादिरही आला. "परत बघतो," म्हणाला.

सुरुवातीला सिराजुद्दीन खुर्चीच्या टोकावर होता. अंधारी गोदी, पोलीस एकटा चालतोय, सगळं शांत. तेवढ्यात भाभींनी ओढणी डोळ्यांवर घेतली. मग गोळी सुटली.

थोड्या वेळाने पुन्हा तसंच. आधी ओढणी, मग स्फोट.

सिराजुद्दीन हळूहळू बायकोकडे वळला. इतके दिवस त्याने जपलेलं सगळं गेलं, असं वाटलं.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "कधी पाहिलास?"

भाभी खाली बघत राहिल्या. "शेजारच्या इस्मतआपाच्या मोबाइलवर. ईदला सगळ्या बायका बसल्या होत्या, मी पण बसले. मग तुम्ही म्हणालात, आपण दोघं बघू. तुम्ही उन्हात बसून जेवता, असं कादिरभाईंनी फोनवर सांगितलं. मग कुठल्या तोंडानं सांगणार होते मी?"

मी आणि कादिर बाजूला झालो. आता हा माणूस काय बोलतो याची मला भीती वाटत होती. पण सिराजुद्दीन हसायलाच लागला. इतका, की तिकीट फाडणारा सौदी मुलगाही हसला.

"मला तर काय घाबरायचं राहिलंच नाय," तो म्हणाला. "हिची ओढणी वर गेली की समजायचं, आता फुटणार. इंटरवलनंतर मी पडदा बघितलाच नाय. हिलाच बघत होतो."

पुढच्या शुक्रवारी जेवण त्यांच्या खोलीवर होतं. भाभींनी सुरमई तळली होती. जेवणं झाल्यावर कादिर म्हणाला, "हां सिराज, कर सुरू."

"मी काय सांगू? भाभीला विचार. दोनदा बघितलाय तिनं."

भाभी आधी लाजल्या. मग दाराच्या चौकटीत बसून सांगू लागल्या. ताटली उलटली नाही की टेबल वाजवलं नाही, पण पोलिसाची बायको दवाखान्यात एकटी बसते ते असं सांगितलं की कादिरचा कप हातातच राहिला. चहा ओतणारा सिराजुद्दीन तर किटली तशीच धरून उभा होता.

"मग?" तो म्हणाला. "मग पुढं काय झालं?"