आजारी सशांची खोली

माझी ताई बावीस ससे पाळते. हौस म्हणून नाही, धंदा म्हणून. पिल्लं वाढवायची आणि घरोघरी, शाळांना द्यायची. मला स्वतःला ससा हा प्राणी आवडत नाही. कुत्रा निदान अंगावर येतो, मांजर आपल्याला कस्पटासमान लेखते, ससा नुसता बघत बसतो. पण भावोजींना जाऊन चार महिने झाले होते आणि तपासणीचं पत्र आलं होतं, म्हणून मी दोन दिवसांची रजा टाकून गेले. सशांसाठी आलेली नाही, हे दारातच तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, "बरं."

मागच्या तपासणीत दोन उणिवा निघाल्या होत्या. पिंजरे बुटके, आणि आजारी सशासाठी वेगळी खोली नाही. या खेपेला दोन्ही झालं नसेल तर परवाना रद्द आणि ससे दुसरीकडे नेणार, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. ताईने ते माझ्या हातात दिलं आणि गवत निवडायला बसली.

"मग आता गं?" मी विचारलं.

"आता काय? करायचं."

चार महिने तिचं हे असंच चाललं होतं. भावोजींना नेलं तेव्हाही तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आमची आई गेली तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं, शेजारच्यांनी पाणी पाजून मला खाली बसवलं होतं. ही मात्र दगड. खरं सांगते, मला तिचा राग यायचा. पण मला एक कळत होतं. ती सकाळी उठायची, कारण बावीस तोंडं वाट बघत असायची. ससे गेले तर ती अंथरुणातून उठेल, याची मला खात्री नव्हती.

पहिला दिवस पिंजऱ्यांत गेला. सशाला मागच्या पायांवर उभं राहता आलं पाहिजे आणि कान वर टेकता कामा नयेत, असा नियम. त्यांच्यातला सगळ्यात थोराड ससा म्हणजे मुकादम. त्याला गाजर दाखवून उभं केलं, तर कान दोन बोटं दुमडले. म्हणजे सगळ्या पिंजऱ्यांची छपरं काढायची, खाली लाकडी पट्ट्या ठोकायच्या आणि छपरं परत बसवायची. ताई ठोकायची, मी छपरं उचलून धरायची. मधल्या वेळात नखं कापली. मी ससा टॉवेलात गुंडाळून धरत होते, तो माझ्याकडे बघत होता, मी भिंतीकडे. संध्याकाळी माझी कंबर कामातून गेली होती. ताईने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

राहिली खोली. वेगळी अशी एकच होती, शेडच्या मागची. तिच्यात भावोजींची खाट होती.

शेवटचे तीन आठवडे ते तिथेच झोपायचे. त्यामागचं भांडण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. एका पिंजऱ्याची कडी त्यांच्याकडून उघडी राहिली, गाभण मादी रस्त्यावर गेली आणि मिळाली नाही. ताई त्यांना नको नको ते बोलली. त्याच दिवशी त्यांनी गादी उचलली आणि मागच्या खोलीत गेले. मी फोनवर हसले होते. म्हटलं होतं, या वयात रुसलेत, रुसू देत. आणि एका सकाळी त्यांना उठताच आलं नाही. हॉस्पिटलमध्ये नेल्यावर डॉक्टर म्हणाले, पोटातलं दुखणं आहे, कित्येक आठवड्यांचं असणार, यांनी सांगितलं कसं नाही? तिसऱ्या दिवशी गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ताईने गादी गुंडाळायला घेतली. खाली वेदनाशामक गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली, अकरा. ती तिने एकेक करून उचलली, जुन्या गवताच्या पोत्यात टाकली आणि म्हणाली, "बादली दे." मी बादली दिली. मला रडू येत होतं, पण तिच्यासमोर रडायची लाज वाटली. फरशी धुतली, खाट बाहेर काढली, तिच्या जागी पिंजरा मांडला, वर दिवा लावला.

तपासणीच्या बाई अकरा वाजता आल्या. वयाने लहान, बोलायला नीट. पट्टी लावून पिंजरे मोजले, मुकादमाचे पंजे उलटे करून पाहिले, पाण्याच्या बाटल्या हलवून पाहिल्या. मग मागच्या खोलीत आल्या.

"ससा आजारी आहे, हे कसं ओळखता?"

ताई सांगू लागली. पाढे म्हणावेत तसं. "खाणं टाकतो. लेंड्या बारीक होतात. पाठ गोळा करून कोपऱ्यात बसतो, डोळे अर्धे मिटून. हळूच दात करकरवतो. हाक मारली तरी वळत नाही. बघणाऱ्याला वाटतं, निवांत बसलाय. तो दुखणं लपवतो."

"आणि असं दिसलं तर किती दिवस वाट बघता?"

"बघत नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे नेते."

बाई लिहू लागल्या. ताई त्याच आवाजात पुढे म्हणाली, "या खोलीत माझे मिस्टर तीन आठवडे असेच बसून होते. पाठ गोळा करून. मला वाटलं, रुसलेत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. फोनवर हसणारी मीच होते. त्यांनी 'त्याच दिवशी' हे शब्द पुरे केले आणि पुढे बरोबरची खूण केली. परवाना राहिला. ससे राहिले.

त्या गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. मला जेवण गेलं नाही. अर्धं ताट तसंच ठेवून मी पायरीवर येऊन बसले, गुडघे पोटाशी घेऊन, कारण तसं बसलं की कंबर जरा कमी दुखत होती. ताई पाण्याची बादली घेऊन शेडकडे निघाली होती. ती थांबली.

"अशी का बसलीस?"

"काही नाही गं. सहज."

तिने बादली खाली ठेवली. आत जाऊन माझं ताट पाहून आली.

"चपला घाल."

"अगं, छपरं उचलून कंबर धरलीय. उद्या वाटलं तर जाईन—"

"उद्या नाही." सशांच्या पाण्याची बादली तशीच उन्हात राहिली. एरवी मी ऐकून घेणाऱ्यांतली नाही, पण मी चपला घातल्या.

डॉक्टरांनी कंबर दाबून पाहिली, वाकायला लावलं, काही विशेष नाही म्हणाले आणि मलम लिहून दिलं. मी उठले. ताई खुर्चीतून हलली नाही.

"पोट पण बघा," ती म्हणाली.