चष्मा कार्डावर चालतो का?

लंडनच्या पिनर भागात एका केमिस्टच्या दुकानात मी बरीच वर्षं फार्मसिस्ट होते. गिऱ्हाईक औषध घेऊन जातं, पण त्याचं बोलणं काउंटरवरच राहतं. असं किती साठलंय म्हणून सांगू! त्यातलं सगळ्यात मजेशीर त्या कार्डाचं.

२००५च्या आसपास एका विमा कंपनीनं आमच्या भागातल्या काही ज्येष्ठांना हेल्थ पॉलिसीबरोबर प्लॅस्टिकचं कार्ड दिलं. पैसे आधीच भरलेले. थर्मामीटर, बँडेज, टूथपेस्ट असल्या रोजच्या वस्तू त्यावर घ्यायच्या. वस्तू चालणारी असेल तर मशीन गप्प. नसेल तर पीं! नेमकं काय चालतं, ते आम्हालाही माहीत नव्हतं.

*

ते शोधून काढायचं गोडबोले काकांनी मनावर घेतलं. बेसिंगस्टोकला सॉफ्टवेअर टेस्टिंग करून रिटायर झालेला माणूस! सकाळी अकराला वही घेऊन हजर. रोज नवी वस्तू.

टूथपेस्ट गप्प. ब्रश गप्प. दातकोरणी... पीं!

काका म्हणाले, "म्हणजे हे ठरवणाऱ्याला एकतर सगळे दात आहेत, नाहीतर एकही नाही!"

*

मार्गारेट बाई ऐंशीच्या पुढच्या, मागच्याच गल्लीत राहायच्या. त्यांची हॉट वॉटर बॉटल कार्डावर चालली, तिचं लोकरी कव्हर चाललं नाही. मी सॉरी म्हटलं.

"असू दे गं," बाई म्हणाल्या. "भाजल्यावरचं मलम चालतं ना, मग झालं!"

*

माझ्याबरोबर काउंटरवर नेहा होती. जन्म इथलाच, मराठी बोलायची हौस दांडगी. एकदा गोडबोले काकांच्या कार्डातले पैसे संपले. नेहा भर दुकानात म्हणाली, "काका, सॉरी हं, तुम्ही संपले!"

"अजून नाही," काका वही मिटत म्हणाले. "पण संपत आलो की तुलाच आधी कळवतो."

*

आणि पवार आजी. हाउन्सलोला एका लाँड्रीत तीस वर्षं इस्त्री केलेली बाई, आता लेकाकडे पिनरला. आजोबा गाडीत बसून राहायचे, आजी एकट्या आत यायच्या.

"चष्मा कार्डावर चालतो का गं?"

वाचायचा साधा चष्मा चालत होता. मी चष्म्यांच्या स्टँडवरचा, नंबर तपासायचा अक्षरांचा तक्ता त्यांच्यापुढे धरला. "कुठली ओळ वाचता येते, आजी?"

"दिसतात सगळ्या."

"मग वाचा ना."

आजींनी दाराकडे पाहिलं. गाडीत आजोबा पेपर वाचत होते. आवाज खाली आणून म्हणाल्या, "वाचता येत नाही मला. मराठी नाही, इंग्लिश नाही. कागद आला की हेच वाचून दाखवतात, हेच सही कुठं करायची ते सांगतात."

 मी न राहवून विचारलं, "मग चष्मा कशाला?"

"सोमवारपासून लायब्ररीत क्लास लावलाय. ह्यांना वाटतं भजनाला जाते!"

तीन-चार महिन्यांनी आजी परत आल्या. चष्मा लावलेला. टूथपेस्ट काउंटरवर ठेवली, पण कार्ड माझ्या हातात देईनात. त्यावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत त्यांनी मोठ्यानं वाचलं, "मि-से-स... एस... प-वार."

नेहानं टाळ्या वाजवल्या. माझे तर डोळेच भरून आले.

आजी मात्र अजून कार्डाकडेच बघत होत्या.

"हे एस म्हणजे मी ना?"

"हो, आजी. शांता."

"मग तेवढंच पूर्ण लिहून मिळेल का गं?"