रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून

मित्रांनो, यवतमाळच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून हे लिहून राह्यलो.

गेल्या आठवड्यात बाबांना ताप-खोकला होता. कोरोनाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि दिग्रसच्या आमच्या घरातले मास्क खुंटीवर गेले. बाबांना भेटायला अख्खी गल्ली येऊन गेली. सातवा महिना लागलेली वहिनी सगळ्यांना चहा देत होती, बाबांच्या उशाशी बसून त्यांना पेज भरवत होती.

आज सकाळी तिला धाप लागली. आता ती ऑक्सिजनवर आहे.

डॉक्टर म्हणाले, "हा फ्लू आहे. गरोदर बाईच्या जीवावर बेतू शकतो. लस घेतली होती?"

दादा म्हणाला, "दोन्ही डोस झाले न जी."

"ते कोरोनाचे. फ्लूची लस वेगळी असते."

घरात कोणालाच हे माहीत नव्हतं.

एवढ्यात शेजारच्या काकूंचा फोन आला. "कोरोना नाही न बाप्पा तिले? मंग आम्ही येऊन राह्यलो भेटाले."

मी ओरडलोच, "येऊ नका!" काकूंना राग आला.

आत वहिनी एकेक श्वास ओढून घेते आहे, आणि सकाळपासून जो तो मला म्हणतो, नशीब, कोरोना नाही. तुम्हीही हेच म्हणाल का?